घर-जागेत पहिली गुंतवणूक: २२ लाख आहेत, सुरुवात कुठून करू?

प्राधिकरणवाला
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.
वय २९, नोकरी चाकणला, हातात पगार ७८ हजार. राहतं घर निगडीत, आई-वडिलांच्या नावावर, त्यामुळे डोक्यावर छप्पर आहे. लग्न पुढच्या वर्षी. माझी बचत आणि वडिलांनी दिलेले मिळून २२ लाख जमलेत. हे पैसे घर किंवा जागेत घालावेत असं घरात सगळ्यांचं मत.
सध्या तीन गोष्टी समोर आहेत. मोशीत तयार वन बीएचके, इमारत आठ वर्षांची, ४८ लाख सांगतायत, भाडं १४ हजार येईल असं एजंट म्हणतो. रावेतच्या पुढे बांधकाम चालू असलेला टू बीएचके, ७५ लाख, ताबा तीन वर्षांनी. आणि शिक्रापूरजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट, गुंठा ६ लाख, 'एनए (बिगरशेती) होणार आहे' म्हणतात. प्लॉटवाला रोज फोन करतो, शनिवारी गाडी पाठवतो म्हणालाय.
नवख्या माणसाने यातलं काय निवडावं? आणि निवडण्याआधी काय तपासावं? भाडेकरू, सोसायटी, कर यातलं मला काहीच माहीत नाही.

कोल्हापुरी_तडका
शनिवारी जा, गाडीत बस, मिसळ खा. चेकबुक मात्र घरी ठेव.

शिरूरचे_तात्या
महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. शिक्रापूर आमच्याच तालुक्यातलं, म्हणून प्लॉटबद्दल आधी बोलतो.
'एनए होणार आहे' याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे कुठे सातबारा असेल तर दाखला निघेल, नाहीतर खरेदीच होणार नाही. समजा तुम्ही शेतकरी आहात. तरी तुकडेबंदी (ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकायला मनाई) आहेच. २०२३ साली किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. मग शेती झोनमधल्या दोन गुंठ्यांचं स्वतंत्र खरेदीखत कसं होणार? २०२५ मध्ये निवासी झोनमधल्या तुकड्यांना सवलत आली, ती एजंट लोक आता सगळीकडे दाखवत फिरतात. शेती झोनमधला नवा तुकडा त्याने आपोआप कायदेशीर होत नाही.
म्हणून हे लोक दोन वाटा काढतात. एक म्हणजे नोटरीवर साठेखत (पुढे विकू असा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी). दुसरी म्हणजे दहाबारा जणांना एकत्र करून सामाईक सातबारा. दुसऱ्यात तुमचं नाव सातबाऱ्यावर येतं, क्षेत्र दोन गुंठे लिहिलेलं दिसतं, माणूस खूश होतो. पण ते दोन गुंठे नेमके कुठले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. चतुःसीमा नाही, स्वतंत्र मोजणी नाही. जागेवर मारलेले चुन्याचे पट्टे पहिल्या पावसात वाहून जातात. पुढे विकायचं म्हटलं की बाकीचे सहहिस्सेदार आडवे येतात.
सातबारा हातात आला की सगळे मालकाचं नाव आणि क्षेत्र वाचून कागद खाली ठेवतात. तुम्ही 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कुळाचं नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा, 'तुकडा' हा शेरा, कोर्टातल्या दाव्याची नोंद, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ (सरकारने अटींवर दिलेली जमीन) लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. प्रत्येक नोंदीला फेरफार (हक्क कसा बदलला त्याची नोंद) क्रमांक असतो, तो फेरफार काढून वाचायचा. वारसनोंद झाली असेल तर बहिणींची नावं लागलीत की वगळलीत हे पाहा. शिरूर, खेड, हवेलीत निम्मी भांडणं तिथूनच निघतात.
खरा एनए प्लॉट असेल तर एनए आदेश, मंजूर लेआउट आणि महारेरा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक हे तिन्ही दाखवतील. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेरा नोंदणी लागते. हे तीन कागद व्हॉट्सअॅपवर मागा, मग किती फोन येतात ते पाहा.

नवखी_नाशिक
तात्या, हा प्रतिसाद प्रिंट काढून घरात लावणार आहे. आमच्याकडेही सय्यद पिंपरीच्या बाजूला असंच काहीतरी दाखवत होते.

गौरी_वकील
तात्यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा संच करून 'हीच खरेदी' म्हणून विकणाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय की याने मालकी मिळत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरीचा शिक्का कितीही मोठा असला तरी त्याने जमीन नावावर होत नाही.

पनवेलचा_पाटील
सगळेच प्लॉटला नावं ठेवतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या भागात ज्यांनी वेळेवर जागा घेतली त्यांची पोरं आज सुखात आहेत. फ्लॅट जुना होतो, जमीन जुनी होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स नाही, भाडेकरूची कटकट नाही. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, पुढचं तुम्हीच बघा.

हिशेबी_माणूस
पाटील, तुमच्याच विमानतळाचा हिशेब मांडू या. केंद्राची मंजुरी २००७ ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चं, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे मंजुरी ते उद्घाटन अठरा वर्षं. मंजुरीची बातमी वाचून ज्याने २००७ साली जागा घेतली त्याचे पैसे इतकी वर्षं अडकले, त्यात एक रुपया भाडं नाही. ज्यांची जागा वडिलोपार्जित होती त्यांचं भलं झालं, याचा आनंदच आहे. पण पगारातून साठवलेले २२ लाख घालणाऱ्याला अठरा वर्षं थांबायला सांगणं वेगळं.
आणि हा झालेला विमानतळ. पुण्याचा बघा. आधी चाकण-खेड, मग २०१६ पासून पुरंदर. दोन्हीकडे लोकांनी बातमी वाचून जागा घेतल्या. पुरंदरला ज्यांची जागा प्रकल्पाच्या हद्दीतच गेली ते आज गुंतवणूकदार नाहीत, भूसंपादनाच्या यादीतले खातेदार आहेत. कोकणात नाणारला रिफायनरी येणार म्हणून बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या, २०१९ मध्ये ती अधिसूचनाच रद्द झाली.

पनवेलचा_पाटील
मान्य आहे, वेळ लागतो. पण मी बातमीवर घ्या म्हणत नाही. मंजूर लेआउटमधला, रस्ता झालेला, पाणी आलेला प्लॉट घ्यावा. महाग मिळतो, तरी रात्री झोप लागते. नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र) भागात तर नगररचना योजनेत मूळ मालकाला साधारण ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड परत मिळतो, बाकीचं रस्ते-बागांना जातं. हे न समजता कुणी कच्चे गुंठे घेत असेल तर मीच त्याला थांबवीन.

रुपाली_ठाणे
धागाकर्ते, मी भाड्याने दिलेल्या घरावर बोलते. घोडबंदर रोडला आमचा एक वन बीएचके बरीच वर्षं भाड्याने आहे. तुमच्या मोशीच्या आकड्यांवर सरळ हिशेब करू.
४८ लाखांवर पिंपरी-चिंचवडला मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. घर ५१ लाख ६६ हजारांना पडलं. (एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्का कमी होतं, म्हणजे ४८ हजार वाचतात. आईच्या नावाचा विचार करा, मात्र कर्ज आणि कर कुणाच्या नावावर येणार तेही बघा.)
भाडं १४ हजार, वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्यातून मेंटेनन्स २२०० धरला तर वर्षाला २६ हजार ४००. मालमत्ता कर अंदाजे ६ हजार. वर्षात एक महिना घर रिकामं राहतंच, १४ हजार गेले. एजंट, रंग, नळ, गीझर मिळून आणखी १४ हजार. उरले १ लाख ७ हजार ६००. घातलेल्या पैशावर जेमतेम २ टक्के.
आता कर्ज. ३० लाख घेतले, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर हप्ता साधारण २६ हजार. भाड्यातून मेंटेनन्स जाऊन ११ हजार ८०० हातात. म्हणजे दरमहा खिशातून १४ हजार, घर रिकामं असेल त्या महिन्यात त्याहून जास्त. आणि मुख्य गोष्ट: १८ लाख स्वतःचे आणि ३ लाख ६६ हजार शुल्क, झाले २१ लाख ६६ हजार. २२ लाखांतून ३४ हजार शिल्लक, आणि पुढच्या वर्षी लग्न!
घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. आम्ही घेतलं, आणि भाड्याने सासूबाईंच्या औषधांचा खर्च निघतो. पण सहा महिन्यांचे हप्ते आणि लग्नाचा खर्च बाजूला ठेवल्यावर जे उरेल, तेच तुमचं भांडवल.

प्राधिकरणवाला
रुपालीताई, हा हिशेब एजंटने अजिबात असा मांडला नव्हता. तो म्हणाला, 'भाड्यातून निम्मा हप्ता निघेल.' लग्नाचे पैसे मी खरंच धरलेच नव्हते.

हिशेबी_माणूस
रुपालीताईंच्या हिशेबाला जोडून कराचं. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा होतो, मग उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट, आणि कर्जाचं व्याज. तुझ्या केसमध्ये १ लाख ६२ हजारांच्या ७० टक्के, म्हणजे १ लाख १३ हजार ४००. पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे अडीच लाख. जो तोटा दिसतो तो नव्या करप्रणालीत पगारातून वजा करता येत नाही. 'कर वाचेल' म्हणून कुणी फ्लॅट विकत असेल तर तू कुठल्या प्रणालीत आहेस हे त्याला विचारू दे आधी.
माझं मत विचारशील तर सुरुवात रीटपासून कर, म्हणजे भाड्याच्या इमारतींची मालकी असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या ट्रस्टपासून. एम्बसी २०१९ मध्ये आला, माइंडस्पेस २०२०, ब्रूकफील्ड २०२१, नेक्सस २०२३. ऑफिस आणि मॉलच्या भाड्यातून वितरणयोग्य रकमेच्या किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावे लागतात. २०२१ पासून एक युनिटसुद्धा घेता येतं. घरासारखं मुद्रांक शुल्क नाही, भाडेकरू नाही, पाहिजे तेव्हा विकता येतं.

रुपाली_ठाणे
रीट चांगलंच आहे, पण ते घराच्या जागी बसत नाही. बँक मला घरासाठी ३० लाख देते, रीटसाठी कोण देणार? आणि एक माणसाच्या स्वभावाचीही गोष्ट आहे. घराचा भाव रोज मोबाईलवर दिसत नाही, म्हणून घाबरून कुणी विकत नाही. २०२० मध्ये ऑफिसं रिकामी झाली तेव्हा रीटवाल्यांचे चेहरे मी पाहिलेत.

हिशेबी_माणूस
तो मुद्दा खरा आहे. पण कर्ज हा फायदा भाव चढले तरच. मधली आठ-दहा वर्षं पुण्यात कित्येक भागांत भाव जागचे हलले नव्हते आणि हप्ते चालू होते.

साइटवरचा_सिव्हिल
रावेतच्या टू बीएचकेबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मी साइट इंजिनिअर आहे.
७५ लाख हा आकडा तसा पूर्ण नाही. ५ टक्के जीएसटी ३ लाख ७५ हजार, मुद्रांक ५ लाख २५ हजार, नोंदणी ३० हजार. आणखी ९ लाख ३० हजार झाले. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही, हा मोठा फरक. ५० लाख किंवा त्यापुढचा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावचा कर) तुम्हाला कापून भरावा लागतो. तो किमतीतूनच जातो, पण भरायची जबाबदारी तुमची.
महारेराच्या साइटवर प्रकल्प क्रमांक टाका. जाहिरातीतला ताबा आणि तिथली पूर्णत्वाची तारीख जुळते का पाहा. तारीख किती वेळा वाढवली, किती फ्लॅट विकले गेले, कोर्टात काय चालू आहे, मंजुरी किती मजल्यांची आहे, सगळं दिसतं. १४ मजल्यांची मंजुरी असताना १९ व्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करणारे लोक मी पाहिलेत. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांवर एक रुपयाही घेऊ शकत नाही. 'आज २० टक्के द्या, ऑफर संपतेय' म्हणाला तर तिथूनच उठा.
आणि क्षेत्र कार्पेटमध्येच (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) विचारा. भाव कार्पेटवर भागून काढा, मग दोन प्रकल्पांची तुलना करा. उघडं पार्किंग विकता येत नाही, तरी पावतीत 'पार्किंग ३ लाख' दिसतं. ते कव्हर्ड किंवा गॅरेज आहे का, करारात क्रमांकासह लिहिलंय का, हे बघा.

मीरा_डोंबिवली
सिव्हिलदादा, तरीही फसतातच लोक. माझ्या दिरांनी कल्याणच्या पुढे बुक केला होता, महारेरा क्रमांक वगैरे सगळं होतं. ताबा रखडला. तक्रार केली, व्याजासह पैसे परत द्या असा आदेशही त्यांच्या बाजूने आला. पण आदेश हातात पडला म्हणजे पैसे आले असं होत नाही. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, तिथून तहसील. बिल्डरच्या नावावर विकण्यासारखं काही उरलंय का यावर सगळं थांबतं. ती सगळी वर्षं त्यांनी घरभाडं आणि प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंतचं कर्जाचं व्याज) दोन्ही भरलं. कागदावर जिंकले आणि घरात रोज त्याचाच विषय. नवख्याने पहिलं घर तरी तयार, भोगवटा प्रमाणपत्र असलेलंच घ्यावं असं मी कळकळीने सांगते.

साइटवरचा_सिव्हिल
मीराताई, वाईट वाटलं वाचून. तुमचं म्हणणं बरोबर आहे. महारेरा माहिती देतो आणि हक्क देतो, पण बिल्डरची ऐपत आपल्यालाच तपासावी लागते. त्याने याआधी पूर्ण केलेल्या दोन इमारतींत जाऊन वॉचमनशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोला. पाणी टँकरचं आहे का, लिफ्ट किती बंद पडते, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे करणं) झाला का. तासाभरात समजतं.

म्हापशेकार
विषय पुण्याचा आहे, तरी गोव्यात सेकंड होम घ्यायचा विचार करणारे बरेच मराठी लोक इथे आहेत, म्हणून थोडं. आमच्याकडे सातबारा नाही, फॉर्म १ आणि १४ असतो. शेतजमिनीवर घर बांधायचं तर सनद (जमिनीचा वापर बदलायची परवानगी) लागते. २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोव्यातल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून विकताना दोघांच्याही सह्या लागतात. वारसा असेल तर इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (कोर्टामार्फत वारसांतली वाटणी) झालंय का ते विचारा. एका भावाच्या सहीवर घर घेतलेले मुंबईकर अजून कोर्टात आहेत.

न्यूजर्सीकर
अनिवासी भारतीयांसाठी एक ओळ: आम्हाला शेतजमीन, प्लँटेशन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून इथे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल लागतात, कृपया फसू नका.
धागाकर्त्यासाठी: मोशीचा विक्रेता भारतात राहतो का ते नक्की विचारा. तो अनिवासी असेल तर १ टक्का आणि ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही, ४८ लाखांवरही मोठ्या दराने टीडीएस कापावा लागतो. कापला नाही तर नोटीस खरेदीदाराला येते.

प्राधिकरणवाला
हे विचारलं आत्ताच. एजंट म्हणतो मालक 'बहुतेक' दुबईत असतात. बरं झालं तुम्ही लिहिलंत!

गौरी_वकील
'बहुतेक' वर व्यवहार करायचा नाही. पॅन, पासपोर्ट आणि निवासाची स्थिती लेखी घ्या. विक्रेता बाहेर असेल तर कोण सही करणार, मुखत्यारपत्र कुठे केलंय, भारतात त्यावर मुद्रांक भरलाय का, हेही बघावं लागेल.

सदाशिव_ना_नारायण
भाड्याचं एवढं काय घाबरवताय? माझ्या ओळखीत सगळे ५०० च्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा नोटरी करार करतात. काही होत नाही.

गौरी_वकील
होतं, पण वाद झाला की होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदवला नाही तर अटींबाबत वाद झाल्यास राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. तुम्ही १४ हजार म्हणाल, तो ९ म्हणेल. शिवाय नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे.
खर्च किती? एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक (डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरून) आणि शहरी भागात १००० रुपये नोंदणी. एजंट घरी येऊन अंगठे घेतो. करार नोंदलेला असेल तर मुदत संपल्यावर न निघणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका.

सदाशिव_ना_नारायण
पाव टक्का एवढाच? मग उगाच जोखीम कशाला. मुलालाही सांगतो, त्याचा कोथरूडचा फ्लॅट नोटरीवरच दिलाय.

रुपाली_ठाणे
सोसायटीचं पण सांगते. भाड्याने दिलं की काही सोसायट्या मनाला येईल ती रक्कम लावतात. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारी रक्कम) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, २००१ पासूनचा शासन आदेश आहे. ट्रान्सफर प्रीमियमही (घर दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) कमाल २५ हजार. 'बिल्डिंग फंडाला लाखभर द्या' म्हणतात तेव्हा हे आदेश नम्रपणे दाखवा. भांडू नका, उद्या त्याच कमिटीकडून एनओसी घ्यायचीय.

कोल्हापुरी_तडका
आमच्या सोसायटीत आदेश दाखवला तर अध्यक्ष म्हणाले, 'चष्मा घरी राहिला.' पुढच्या मीटिंगला चष्मा घेऊन गेलो त्यांच्यासाठी. काम झालं.

लिलाव_बघणारा
बँकेच्या लिलावाचा पर्याय कुणी लिहिला नाही. सरफेसी कायद्याखाली (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) जप्त झालेले फ्लॅट स्वस्त मिळतात.

गौरी_वकील
मिळतात, पण पहिल्या खरेदीसाठी नको. 'आहे तसं, आहे तिथे' या अटीवर विक्री असते. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की फक्त प्रतीकात्मक (कागदोपत्री), हे आधी बघावं लागतं. आत माणूस राहत असेल तर पुढचं कष्टाचं आहे. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के, आणि उरलेले साधारण १५ दिवसांत. नवख्याचं कर्ज इतक्या लवकर मंजूर होत नाही, मग भरलेली रक्कम जप्त होते.

शिरूरचे_तात्या
प्राधिकरणवाले, तुमच्या नावावरून एक आठवलं. निगडी प्राधिकरणातच जुना फ्लॅट बघत असाल तर तिथली जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. जुनं नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) विलीन झालं. हस्तांतरणाला परवानगी आणि फी लागते, ती कोण भरणार हे टोकन देण्याआधी ठरवा. सिडकोच्या घरांनाही असंच भाडेपट्ट्याचं प्रकरण आहे.

प्राधिकरणवाला
मंडळी, चार दिवसांत एवढं शिकलो की काय लिहू. प्लॉटवाल्याकडे तात्यांचे तीन कागद मागितले. आधी म्हणाला सोमवारी पाठवतो, मग म्हणाला 'एवढे प्रश्न विचारणारे घेत नाहीत.' फोन बंद झाले. रावेत सोडलं, कारण सगळे पैसे तीन वर्षं अडकतील आणि हप्ता माझ्या पगारात बसत नाही. वडिलांशी बोलून लग्नाचे आणि सहा महिन्यांचे हप्ते मिळून ९ लाख वेगळे एफडीत टाकतोय. उरतात १३ लाख. त्यात मोशीचा ४८ लाखांचा बसतो का? की भाव कमी करून घेऊ?

हिशेबी_माणूस
९ लाख बाजूला ठेवलेस हे सगळ्यात उत्तम केलंस. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. मुद्रांक-नोंदणीला कर्ज नाही, ते खिशातूनच. १३ लाखांत सुमारे ४० लाखांचं घर बसतं: शुल्क ३ लाख १० हजार, स्वतःचे साडेनऊ, कर्ज साडेतीस. ४८ चं घेतलंस तर कर्ज ३८ लाखांवर जातं आणि हप्ता ३३ हजारांच्या पुढे. पगाराच्या ४३ टक्के, आणि बायको घरात यायचीय. थांब, घाई कुणाला आहे? तोवर दोनतीन लाख रीटमध्ये ठेव, भाड्याचं उत्पन्न कसं येतं ते अनुभवायला मिळेल.

पनवेलचा_पाटील
यावेळी हिशेबींशी सहमत. दोन वर्षांनी मंजूर लेआउटमधला प्लॉट बघायला या, मी स्वतः फिरवीन, गाडी माझी, मिसळ माझी, कमिशन नाही.

नवखी_नाशिक
गौरीताई, जुना फ्लॅट घेताना वकिलाकडे जाण्याआधी मालकाकडे काय काय मागायचं ते एकदा लिहाल का? म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

गौरी_वकील
बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे मूळ करार, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा). मधला एक करार जरी हरवला असेल तर पोलीस तक्रार आणि जाहीर नोटीस लागते. शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं बाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची पावती, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. अशा वेळी बँकेचं थकबाकीचं पत्र घ्या आणि तुमचा पैसा थेट त्या कर्जखात्यात जमा करा. मूळ मालक वारले असतील आणि नॉमिनी विकत असेल तर सावध राहा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा शोध) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस या दोन खर्चांत काटकसर करू नका. टोकन दिलंच तर चेकने, आणि 'मालकी निर्वेध नसल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास टोकन परत' हे वाक्य पावतीत लिहून घ्या. रोख २० हजार किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, तेव्हा 'थोडे रोखीत' म्हणणाऱ्याला हे सांगा.

प्राधिकरणवाला
वाचनखूण साठवली. आज चिखलीत ३९ लाखांचा एक वन बीएचके मिळाला बघायला, भोगवटा प्रमाणपत्र आहे, मालक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. रविवारी जातोय. सिव्हिलदादा, घरात नेमकं काय बघू?

साइटवरचा_सिव्हिल
नुकता रंग दिलेला असेल तर आधी संशय घे. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात हात फिरव, पोपडे किंवा पांढरी पूड आली तर ओल आहे. बाथरूमचं फॉल्स सीलिंग उचलून वरच्या मजल्याच्या पाइपचा सांधा बघ. कपाटं उघड, रंग सहसा कपाटाच्या आत देत नाहीत. नळ सकाळी आठ वाजता सोडून बघ, दुपारी सगळीकडेच पाणी येतं. गच्चीवर जाऊन टाक्या आणि वॉटरप्रूफिंग बघ, आणि लिफ्टमधून उतरताना भेटेल त्याला विचार की एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात. टेप घेऊन जा, कार्पेट स्वतः मोज. फोटो इथे टाक, रात्री बघतो.

शिरूरचे_तात्या
आणि वडिलांना सोबत न्या. एजंट दोघांसमोर वेगळं बोलतो.